दहापट दंडाची पाटी लावण्याआधी: नागपुरातल्या महाल-इतवारीच्या कापड व्यापाऱ्यांना खुले पत्र

व्यापारी बंधूंनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत तर्री-पोहे संपता संपता एक ठराव पास झाला. आपल्या प्रत्येक दुकानात दोन पाट्या लागणार. पहिली : ‘चोरी करताना सापडल्यास मालाच्या किमतीच्या दहापट दंड’. दुसरी : ‘एकदा विकलेला माल परत अथवा बदलून मिळणार नाही’. भराभर हात वर झाले. कुणीतरी म्हणालं, यंदा मारबतीच्या मिरवणुकीत साडी नेसून परत करणाऱ्यांचा बडग्या, म्हणजे पुतळाच काढू. सगळे हसले, मीही हसलो. माझा हात मात्र वर नव्हता. अध्यक्षांनी ‘कोणाचा विरोध?’ असं विचारलं तेव्हा मी शर्टावर सांडलेली तर्री पुसत होतो आणि मान वर करेपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता. म्हणून हे लिहून देतो आहे.

तुमचा राग खोटा नाही, हे आधीच सांगतो. तुमच्याकडे होतं ते माझ्याकडेही होतं. ट्रायल रूममधून दोन कुर्त्यांच्या जागी एकच बाहेर येतो. बाराशेच्या ड्रेसला चारशेचं लेबल अडकवून कोणी काउंटरवर ठेवतं. आणि लग्नसराई संपली की साड्या परत यायला लागतात. त्यातली एक सांगतो.

मे महिना, दुपारची वेळ, दुकानात कूलरचा आवाज सोडून काही नाही. एक काकू आल्या. आमच्या आईच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, मला नावाने हाक मारणाऱ्या. पिशवीतून टसर रेशमाची करवतकाठी साडी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. ‘भाऊ, सुनेला रंग नाही आवडला जी. घडीसुद्धा नाही मोडली.’ मी साडी दिव्याखाली धरली. डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या येतात तिथे पिनेची दोन भोकं होती. टसरला भोक पडलं की धागा सरकतो, इस्त्री फिरवली तरी ते बुजत नाही. निऱ्यांच्या खालच्या काठाला लॉनवरची बारीक माती. घडी उलगडली तसा मोगऱ्याचा वास आला, आणि पदराच्या आतल्या घडीत अक्षतेचा एक दाणा निघाला, हळदीने पिवळा झालेला. मी तो बोटाच्या टोकावर घेतला. काकू गल्ल्यामागच्या गणपतीच्या फोटोकडे बघत होत्या.

मी साडी बदलून दिली. भांडण नको म्हणून दिली, मोठं मन वगैरे काही नव्हतं. पण रात्री शटर ओढताना एक जुनी गोष्ट आठवली आणि मग झोप आली नाही.

याच काकूंनी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्याकडून एक सिल्कची साडी नेली होती. दुकानातल्या पोराने ‘काकू, रंगाची गॅरंटी’ म्हणून तोंडी सांगितलं होतं. पहिल्याच धुण्यात रंग सुटला. काकू साडी घेऊन आल्या तेव्हा मी हिशेबात होतो. मान वर न करता मी पेनाने मागच्या भिंतीकडे खूण केली. भिंतीवर हीच पाटी होती, आपल्या ठरावातली दुसरी. वडिलांच्या काळापासूनची. काकू काही बोलल्या नाहीत, साडी पिशवीत घालून गेल्या. त्यांच्या वहीत माझ्या नावावर काहीतरी बाकी राहिलं असणार. टसर परत करायला आल्या तेव्हा त्या खोटं बोलल्या, हे खरंच. पण त्यांच्या मनात ते खोटं होतं की वसुली, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी एम.कॉम. केलं तेव्हा एक नाव ऐकलं होतं, नंतर दुपारच्या रिकाम्या वेळात नीट वाचलं. रेमंड बाऊर. अमेरिकेतल्या हार्वर्डचे हे प्राध्यापक १९६० साली म्हणाले की ग्राहकाचं वागणं समजून घ्यायचं तर त्याच्याकडे जोखीम घेणारा माणूस म्हणून बघा. आणि खरी जोखीम किती, याने काही ठरत नाही. त्याला ती किती वाटते, त्यावर तो चालतो. आपण गल्ल्यावर बसणारी माणसं हे रोज बघतो. गिऱ्हाईक कापड दोन बोटांत चुरतं, काठ उलटा करून बघतं, ‘शुद्ध आहे ना, नक्की?’ असं तिसऱ्यांदा विचारतं. आपल्याला ते चिकट वाटतं. त्याला भीती वाटत असते.

म्हणजे दुकानात शिरताना ग्राहकाच्या मनात दोन जोखमी असतात. आपण फसू का, ही एक. कधी हात मारायची वेळ आलीच तर आपण सापडू का, ही दुसरी. आपल्या पाट्या दुसरीसाठी लावायच्या म्हणून ठरल्या. माझं म्हणणं इतकंच की त्या दुसरीला हातही लावत नाहीत आणि पहिली मात्र वाढवून ठेवतात.

दहापट दंडाचंच घ्या. माझ्याकडे काम करणारा एक पोरगा वर्ध्याहून रोज अप-डाऊन करतो. पास संपला की चार-दोन दिवस तसाच येतो. म्हटलं, सापडशील. म्हणाला, ‘भाऊ, सकाळच्या त्या गाडीत टीसी चढतच नाही.’ विनातिकीट सापडलं तर भाड्याबरोबर किमान २५० रुपये जास्तीचे भरावे लागतात, हे त्याला पाठ आहे. पण त्याच्या हिशेबात २५० नाहीतच. त्याच्या हिशेबात टीसी आहे, आणि टीसी येत नाही. दंड उद्या अडीच हजार केला तरी तो त्याच गाडीने येईल. गंमत पुढे आहे. हाच पोरगा नागपूर स्टेशनला उतरून मेट्रोने येतो तेव्हा न चुकता तिकीट काढतो. कारण मेट्रोचं फाटक तिकिटाशिवाय उघडतच नाही. माणूस तोच, खिसा तोच, मध्ये फार तर पंधरा मिनिटं.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. इटलीचा विचारवंत बेक्कारिया १७६४ साली लिहून गेला की शिक्षा लहान असली तरी चालेल, पण ती चुकणार नाही याची खात्री असली पाहिजे. सुटण्याची आशा असेल तर भयंकर शिक्षेचाही धाक उरत नाही. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये या हिशेबाचं गणित मांडलं. त्यांना ते सुचलं कसं, हे त्यांनीच १९९२ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात सांगितलं आहे. एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला ते गाडीने निघाले होते आणि उशीर होत होता. गाडी लांब पैसे देऊन ठेवायची की रस्त्यावर बेकायदा लावायची? सापडण्याची शक्यता किती, दंड किती, चालायला वेळ किती, असा हिशेब करून त्यांनी ती रस्त्यावर लावली. (सापडले नाहीत.) आता सांगा, नोबेलवाला माणूस पार्किंगचा असा हिशेब करतो, तर आपल्याकडे सीताबर्डीला ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून गाडी लावणाऱ्याने काय घोडं मारलं?

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांनी. तिथे पालक मुलांना न्यायला उशिरा येत. दोन संशोधकांनी १९९८ मध्ये काही पाळणाघरांत उशिराबद्दल १० शेकेलचा दंड सुरू करून बघितला. उशीर करणारे कमी व्हायला हवे होते. ते वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं व्हायला होत होतं. दंड आल्यावर ते पैसे भरायला लागले, आणि पैसे भरले की ओशाळायचं कशाला? नंतर दंड काढून टाकला तरी गेलेली भीड परत आली नाही. तेव्हा एखाद्या गोष्टीला दर लावण्याआधी जरा थांबावं. कुर्ता लपवण्याचा भाव आपण दहापट लिहिला तर ज्याला तो परवडतो आणि ज्याला आपण सापडणार नाही असं वाटतं, त्याच्यासाठी तो फक्त एक भाव आहे.

शिवाय तो दंड घेणार कोण? आपण न्यायालय नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ नुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. कायदा इतका विचार करतो आणि आपण साडेचारशेच्या लेगिंगला साडेचार हजार मागणार. उद्या कोणी रडत पैसे भरून गेलं आणि परवा त्याचा मामा वकील निघाला, तर वर्गणी काढून खटला लढायचा का? दुसऱ्या पाटीचं तर विचारूच नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे पाटीने गिऱ्हाईक भ्यायचं तेव्हा भिईल, पण जिल्हा ग्राहक आयोगात आपल्याविरुद्धचा पुरावा आपण स्वतःच रंगवून भिंतीवर टांगलेला असेल.

कॅमेऱ्याचा माझा अनुभवही सांगतो, यात हसं माझंच आहे. मी चार कॅमेरे लावले, त्यातले दोन खोटे. नुसते डबे. पहिले काही आठवडे बरे गेले. मग एका बाईंचा सहा-सात वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडला, ‘आई, याच्यात कोळी राहते!’ डब्याच्या तोंडावर जाळं विणलेलं होतं. भरल्या दुकानात पिकलेला हशा अजून कानात आहे. त्या दिवसापासून लोकांना माझे खरे दोन कॅमेरेही खोटे वाटायला लागले. धाक हा असा माल आहे की त्यातला एक नग नकली निघाला तर सगळा गठ्ठा पडून राहतो.

याउलट साउंडबॉक्स बघा. यूपीआय आलं तेव्हा मोबाईलवरचं हिरवं टिक दाखवून, जुना स्क्रीनशॉट दाखवून किती जण निघून गेले! आपण पाट्या लावल्या नाहीत, दंड ठेवला नाही. काउंटरवर एक डबी ठेवली. ती सगळ्यांसमोर ‘आठशे पन्नास रुपये प्राप्त झाले’ म्हणते, आणि पैसे आले नाहीत तर गप्प बसते. तिच्या त्या गप्प बसण्याने जे काम केलं ते माझ्या डोळे वटारण्याने कधी झालं नव्हतं. बरं, त्यात कोणाचा अपमान नाही. खऱ्या गिऱ्हाइकासाठीही ती बोलतेच.

आता आपल्या बाजूचं. हे वाचून काहींना राग येईल.

‘बिल पाहिजे का? बिनबिलाचं घेतलं तर दोनशे कमी करतो.’ हे वाक्य ग्राहक म्हणत नाही, आपण म्हणतो. ग्राहक मान हलवतो आणि त्या क्षणी आपण दोघं मिळून एक लबाडी करतो. सापडण्याची भीती त्यालाही नसते आणि आपल्यालाही. पुढच्या आठवड्यात तोच ग्राहक कच्च्या चिठ्ठीवर साडी बदलायला येतो आणि आपण म्हणतो, बिल दाखवा. आर्ट सिल्कला, म्हणजे नकली रेशमाला, आपण ‘सेमी प्युअर’ म्हणतो. हा शब्द कोणी काढला मला माहीत नाही, पण माग चालवणाऱ्याने तो नक्कीच काढलेला नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मागावर करवतीच्या दात्यांसारखा काठ तीन धोट्यांनी विणला जातो. त्याच्या शेजारी यंत्रमागावरची नक्कल ठेवून आपण दोन्ही एकाच दमात ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवतो. सेलच्या आधी किंमत वाढवून मग पन्नास टक्के कमी केल्याचं लेबल लावायची रात्र आपल्यापैकी कोणी जागवली नाही?

ग्राहकाला हे कळतं, पुराव्याने नाही पण अंदाजाने कळतं. आणि ‘हे आपल्याला लुटतातच’ असं एकदा मनात बसलं की त्याचा हात हलका होतो. जेम्स मन्सी आणि स्कॉट व्हिटेल या दोघांनी अमेरिकेत ग्राहकांच्या बऱ्या-वाईटाच्या कल्पना तपासल्या, त्यांचा लेख १९९२ चा आहे. स्वतः होऊन केलेली लबाडी लोकांना चूक वाटते. दुकानदाराच्याच चुकीचा गपचूप फायदा घेणं तितकं चूक वाटत नाही. आणि ज्यात कोणाचं फारसं बिघडत नाही असं वाटतं, ते तर चालूनच जातं. साडी एक संध्याकाळ नेसून परत देणं हे काकूंच्या मनात बहुधा या शेवटच्या खात्यात असावं. ‘साडी तर परत दिली ना जी, खाल्ली तर नाही?’ असं मला एका दुसऱ्या बाईंनी तोंडावर विचारलं आहे. मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोवर त्या बसस्टॉपवर पोहोचल्या होत्या.

गेलं वर्षभर मी काय केलं ते सांगतो. ती जुनी पाटी काढली. भिंतीवर तिचा फिका चौकोन उरला आहे, त्यावर दिनदर्शिका लावली. आता साडी विकली की गिऱ्हाइकासमोर ती पूर्ण उलगडतो, पदर, काठ, मधला भाग, सगळं दोघं मिळून बघतो. वेळ लागतो, हात दुखतात, गर्दीत पोरं वैतागतात. मग बिलावर लिहितो : ‘उलगडून दाखवली, डाग-भोक नाही’, आणि खाली बदलण्याची मुदत, दहा दिवस. पक्कं बिल सगळ्यांना, न मागता. पदरावर खांद्याला येईल अशा जागी लाल दोऱ्याने एक लहान चिठ्ठी टाचतो. दोरा तोडल्याशिवाय ती साडी चारचौघांत नेसताच येत नाही, आणि दोरा तोडला की बदलून मिळत नाही, हे सांगून टाकतो. माल सदोष निघाला तर दोरा तुटलेला असो नसो, साडी आमची. टसर असेल तर एक धागा काढून काडीने जाळून दाखवतो. खरं रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची गोळी होते. धागा जळताना बघितल्यावर बायकांचा चेहरा बदलतो, हे मी शपथेवर सांगीन. त्यानंतर कोणी ‘नक्की ना?’ विचारत नाही.

याने सगळे हरिश्चंद्र झाले का? नाही. एका सद्गृहस्थांनी लाल दोरा कापून, साडी लग्नात मिरवून, चिठ्ठी पुन्हा टाचून आणली होती. टाका माझ्या पोरापेक्षा सुबक होता. दोरा मात्र गुलाबी निघाला. मी त्यांना दोन्ही दोरे शेजारी ठेवून दाखवले, तेही हसले, मीही हसलो, साडी परत घेतली नाही. त्यांनी परवा लेकीसाठी पुन्हा दोन नेल्या. मागच्या लग्नसराईत नेसून आलेल्या साड्या मी एका हाताच्या बोटांवर मोजल्या. त्याआधी मी मोजायचंच सोडलं होतं.

एक गोष्ट बैठकीत कोपऱ्यातून सुचवली गेली, ती ठरावात नाही, पण येईल अशी मला भीती आहे : संशयितांचे कॅमेऱ्यातले फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. महाल-इतवारीत माणसाला तुरुंगापेक्षा शेजारच्याची भीती जास्त वाटते, हे खरं आहे, आणि म्हणूनच ते करू नका. एका दुकानात एका आजोबांना पिशवी उपडी करायला लावलेली मी पाहिली आहे. टॉवेल त्यांनी घेतला होता, पैसे द्यायचे विसरले होते. मुलगा धावत आला आणि म्हणाला, ‘बाबा सगळंच विसरून राह्यले आजकाल.’ आजोबा चष्मा शोधत होते, तो डोळ्यांवरच होता. तो फोटो ग्रुपवर गेला असता तर परत कसा घेतला असता?

माझी विनंती एवढीच : पाट्यांचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा. पेंटरला उचल दिली आहे, ती बुडाली तर माझ्या वाट्याला जे येईल ते मी देतो. पाट्या रंगवायच्याच असतील तर त्याच पत्र्यावर ‘दहा दिवसांत बदलून मिळेल, चिठ्ठीसकट आणा’ असं लिहून बघू, निदान एक दसरा-दिवाळी. ज्यांना पटत नाही त्यांनी आपलं जुनं चालू ठेवावं, वर्षाने वह्या शेजारी ठेवून बघू.

आणि ती करवतकाठी टसर मी विकली नाही. बैठकीला घेऊन येईन. पिनेची भोकं दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाहीत, तेव्हा येताना कोणीतरी चांगली टॉर्च आणा. अक्षतेचा दाणा बिलाच्या कागदात बांधून पदरातच ठेवला आहे.

आपला,
महालातला एक साडीवाला